ओट्याखालचा पाट

बाई, तुमचा पाट सापडला.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या अंगणात बाया उपड्या मडक्यावर लांब पोळ्या करत होत्या, पुढच्या खोलीत पुरुषमंडळी बसलेली. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखाली बघते तर पाट नाही. सिलिंडरच्या बाजूची जागा रिकामी. मला काय झालं कोण जाणे, मी तशीच अंगणात गेले आणि ओरडले, "इथचा पाट कोणी उचलला?" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. उमरेडची तुमची मावशी त्यावर बसून कणीक तिंबत होती. बिचारी घाबरून उठली. म्हणाली, "घे वं माय, मी काय घेऊन चालली का?" मी तो पाट छातीशी धरून आत आणला, धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. बायांनी आपसात म्हटलं असेल, जाऊ गेली म्हणून हिचं डोकं ठिकाणावर नाही. खरंच नव्हतं. पण तो पाट म्हणजे काय, हे त्यांना कसं सांगणार? आपल्या घरात ते फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक समोरच्या खोलीत फोटोत होती. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

तुमच्या लेकीनं परत कामठीला जाताना मला गळ घातली. "काकू, तुम्ही मास्तरीण आहे. आईवर चार ओळी लिहा नं." मी हो म्हटलं. शाळेत इतकी वर्षं निबंध लिहायला लावते, मला चार ओळी लिहायला काय जड? कागद घेऊन बसले. कुठं जन्म, कधी लग्न, स्वभाव मनमिळाऊ. एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. मनमिळाऊ! तुम्ही माझ्याशी किती भांडलात हे त्या शब्दाला ठाऊक तरी आहे का? मग ठरवलं, लिहायचं तर तुम्हालाच लिहायचं. आणि तुम्हाला लिहायचं म्हटलं की मी फिरून फिरून त्या ओट्याशीच येते.

मी या घरात आले तेव्हा ओटा नव्हता. इंदोऱ्यातलं आपलं हे घर सासऱ्यांनी मिलमध्ये पाळ्या करून उभं केलेलं. वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि स्वयंपाकघर म्हणजे धुराची कोठडी. कोपऱ्यात चूल. चुलीच्या वर भिंतीत एक देवळी. धम्मदीक्षेच्या आधी तिथं देव असायचे म्हणे, मी आले तेव्हा मिठाची बरणी होती. तुम्ही चुलीपुढं त्या सागवानी पाटावर बसायच्या आणि एकदा बसल्या की उठायच्या नाहीत. डाव्या हाताला पीठ, उजव्या हाताला तिखटमिठाचा डबा, मागं पाण्याचा पितळी गुंड. सगळं हाताच्या अंतरावर. मी इकडून तिकडं नाचत असायची आणि तुम्ही बसल्या जागेवरून अख्ख्या घराचा स्वयंपाक उरकायच्या.

मला पहिल्यांदा पाहून तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? मी उंबरठ्यात उभी. तुम्ही मान वर केली, आणखी वर केली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, हिच्यासंगं बोलाचं म्हटलं तं माही मानच मोडून जाईन." तुम्ही माझ्या खांद्याला लागायच्या. गल्लीतल्या बाया आपल्याला जोडीनं जाताना पाहून हसायच्या. तुम्हीही हसायच्या. मी मात्र लग्न झाल्यावर वर्षभर वाकून चालत होते. पाठ सरळ ठेवायला तुम्हीच शिकवलंत. म्हणालात, "वाकून काहून चालते वं? उंची काय चोरून आणली का?"

मग गॅसचा नंबर लागला. किती वर्षांनी लागला देव जाणे, आपण तर नंबर लावल्याचंही विसरून गेलो होतो. एजन्सीचा माणूस घर पाहून गेला आणि म्हणाला, सिलिंडर खाली आणि शेगडी वर पाहिजे, तुमच्याकडं ओटाच नाही. झालं. दादांच्या अंगात आलं. दादा म्हणजे तुमचे हे, माझे मोठे दीर. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. लोकांच्या बंगल्यांचे, शाळांचे, दवाखान्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म चालला होता, आणि घरी बायको धुरात डोळे पुसत होती. ते त्यांना आतल्या आत खात असणार. तोंडानं ते कधी काही म्हणाले नाहीत, आपल्या घरातल्या पुरुषांना तोंडानं काही म्हणायची खोडच नाही.

त्या उन्हाळ्यात आपण दोघी लेकरं घेऊन माहेरी गेलो. तुम्ही उमरेडला, मी कामठीला. सासूसासरे तोवर गेले होते, पुरुष दोघंच घरी. दरवर्षी ते डबा लावायचे आणि अंगणात बाजा टाकून आराम करायचे. त्या वर्षी त्यांनी आपल्याला न सांगता स्वयंपाकघर पाडलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, ते दादांनी आधीच आणून बाजेखाली लपवून ठेवलं होतं. चूल फोडली, देवळी बुजवली, जमिनीला फरशी बसवली, भिंतीत मोठी खिडकी काढली. नकाशा दादांनी स्वतः काढला, निळ्या कागदावर, खात्यात काढतात तसा. मी पाहिलाय तो. खिडकीची रुंदी त्यात होती, फळ्यांची खोली होती, फरशीचा उतार होता. ओट्याच्या उंचीपुढं मात्र आकडा नव्हता.

गवंड्यानं विचारलं, "साहेब, उंची किती ठेवू?" हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, ते तिथंच होते. दादा भिंतीला टेकून उभे राहिले, आपल्या कमरेवर आडवा हात ठेवला आणि म्हणाले, "एवढी घे." आमचे हे शेजारी उभे. दोघंही सहा फुटाला टेकलेले. ह्यांनीही आपल्या कमरेशी हात धरून पाहिला आणि मान हलवली. बरोबर आहे म्हणाले! दोन माणसं, दोघांनी जन्मात कधी पोळी लाटली नाही, आणि दोघांच्या कमरेला तो ओटा अगदी बरोबर आला. आपल्यातलं कोणी घरी असतं तर गवंड्यानं आपल्याकडं पाहिलं तरी असतं. पण आपण माहेरी कैऱ्या खात होतो.

परत आलो त्या दिवशी दादांनी तुम्हाला दारातच थांबवलं. ओट्यावर चादर टाकलेली. त्यांनी ती एखाद्या पुढाऱ्यासारखी ओढली. खाली काळा कुळकुळीत कडप्पा, त्यावर नवी शेगडी, खिडकीतून ऊन थेट आत. तुम्ही रडायला लागल्या. दादा खूश. म्हणाले, "आता उभं राहून कराचं. धूर नाही, काही नाही." तुम्ही डोळे पुसले आणि ओट्यापाशी गेल्या. मी मागंच होते. ओटा तुमच्या छातीला लागला. तुम्ही दोन्ही हात त्यावर ठेवले तर कोपरं खांद्यापर्यंत वर. क्षणभर तुम्ही तशाच उभ्या राहिलात. मग वळून म्हणाल्या, "लय चांगला झाला." दादा बाहेर गेले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि ओठांवर बोट ठेवलंत.

पहिले काही दिवस तुम्ही पोळ्या खाली बसून लाटायच्या आणि एकेक पोळी घेऊन उठायच्या. गुडघ्यांनी जीव खाल्ला. मग एक दिवस तुम्ही तो जुना सागवानी पाट ओढला, ओट्यापुढं ठेवला आणि वर चढलात. आयुष्यभर ज्याच्यावर बसून रांधलं, त्याच्यावर उभ्या राहिलात. मला हसू आलं. तुम्हालाही आलं. म्हणालात, "आता तुह्याएवढी झाली मी."

हसण्यावारी नेलं ते तिथंच संपलं असतं तर बरं होतं. पण दादांना पाट दिसू द्यायचा नाही, हे तुम्ही ठरवून टाकलंत. दादा बाहेरून यायचे तेव्हा दारात खाकरायचे. जुनी रीतच ती. घरात धाकट्या भावाची बायको वावरते, तिनं डोक्यावर पदर घ्यावा म्हणून मोठा दीर खाकरून येतो. ते खाकरले की मी पदर घ्यायची आणि तुम्ही पाटावरून उतरायच्या. उजव्या पायाच्या अंगठ्यानं पाट ओट्याखाली सरकवायच्या, जोडवं फरशीला लागून टक् करायचं, आणि दादा आत येईपर्यंत तुम्ही टाचा उंचावून कढईत उलथणं फिरवत असायच्या. ते पाणी पिऊन गेले की पाट पुन्हा बाहेर. हे रोज चालायचं. सकाळी, दुपारी, रविवारी तर किती वेळा.

मी शाळेत लागले, डोक्यावर पदर घेणं सोडलं. सासूबाई असत्या तर काही म्हणाल्या असत्या, दादा काही म्हणाले नाहीत. पण खाकरणं त्यांनी सोडलं नाही. मी चिडायची. "आता मी पदरच घेत नाही, मंग हे दारात उभं राहून खाकरतात काहून?" तुम्ही म्हणायच्या, "सवय आहे वं त्यांची. आपल्या कामाचीच आहे नं?" आपल्या कामाची. त्या खाकरण्याच्या भरवशावर तर तुमचा सगळा खेळ चालला होता.

आपलं खरं भांडण ह्यावरूनच. मी म्हणायची, सांगून टाका. एक गवंडी, एक दिवस, वीतभर ओटा खाली. तोंड उघडायला काय जातं? तुम्ही प्रत्येक वेळी नवं कारण काढायच्या. "कडप्पा फुटन." "पावसाळा येऊन राहिला." "तुले बरोबर आहे नं? खाली केला तं तुह्या कमरेले त्रास." हे शेवटचं मला फार लागायचं. ओटा माझ्या मापाचा निघाला, हा काय माझा गुन्हा? मी म्हणायची, माझं नाव पुढं करू नका, मी वाकून करीन. तुम्ही म्हणायच्या, वाकून कराचं नाही असं तुले कोणी शिकवलं? अन् आपण दोघी दिवसभर एकमेकींशी बोलायचो नाही. एकाच ओट्यावर, एक खाली उभी, एक पाटावर, दोन्ही तोंडं भिंतीकडं.

एकदाच तुम्ही खरं कारण सांगितलंत. भाकरी थापत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "सुमन, माह्यासाठी आजवर कोणी एक वीट बी नाही लावली. माहेरी नाही, इकडे नाही. जे होतं त्यातच बसली मी. ह्या माणसानं माह्यासाठी भिंत फोडून खिडकी काढली. त्याले मी सांगू का, तुह्यं माप चुकलं म्हणून? तो माप काढाचीच नोकरी करते."

 आजही हे मला पटतं, आणि म्हणूनच मला तुमचा राग येतो.

दादा मात्र पाहुणा आला की त्याला थेट स्वयंपाकघरात आणायचे. खाकरून, अर्थात. "हे पाहा, उभ्यानं स्वयंपाक. आमच्या हिचे गुडघे वाचले." तुम्ही पदर सावरून ओट्यापाशी उभ्या, पाट खाली ढकललेला. एकदा खात्यातल्या एका साहेबांची बायको आली. ती तुमच्याहूनही बुटकी. तिनं ओटा पाहिला, तुम्हाला पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, हात पुरते का तुमचा?" तुम्ही चवड्यांवर उभं राहून वरच्या फळीवरची चहाची डबी काढून दाखवली. "पुरते नं. काहून नाही पुरत?" ती बाई समजली. बायकांना समजतं. ती माझ्याकडं बघून एवढंसं हसली आणि मी मान खाली घातली.

आणि मग तुम्ही पडलात. पावसाळ्याचे दिवस, फरशी ओलसर, दादा अचानक लवकर घरी आले आणि खाकरले. तुम्ही घाईनं उतरायला गेलात, पाट सरकला, घोटा मुरगळला. दादा धावत आत आले. तोवर मी पाट पायानं खाली लोटला होता. तुम्ही जमिनीवर बसून दात आवळत म्हणालात, "मोरीवर घसरली." मोरी मागच्या अंगणात! घसरलेली बाई स्वयंपाकघरात कशी आली, हेही त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा गवंडी घेऊन आले आणि मोरीच्या गुळगुळीत दगडाला छिन्नीनं टाकी लावून, फटी सिमेंटनं भरून घेतल्या, पाय घसरू नये म्हणून. दिवसभर टक्‌टक् चालली होती. काम झाल्यावर दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरले आणि बाहेरूनच म्हणाले, "गवंडी आलाच आहे तं घरातलं अजून काही असंन तं सांगून टाका. त्याच्या हातानं होऊन जाईन."

मी तुम्हाला कोपरानं ढोसलं. इतक्या जोरानं, की तुमच्या हातातलं पातेलं हिंदकळलं. तुम्ही लंगडत पाटावरून उतरल्या होत्या, पाय सुजलेला, आणि म्हणालात, "नाही. काही नाही."

दादा थोडा वेळ दारात उभे होते. मग गेले.

बाई, मी त्या दिवसाकडं पुन्हा पुन्हा जाते. गवंडी दारात होता. थापी त्याच्या हातात होती. सिमेंट कालवलेलं होतं. फक्त एक शब्द पाहिजे होता, आणि तो मी का नाही बोलले, तुम्ही का नाही बोललात, कोण का नाही बोललं? पण धाकट्या जावेनं थोरल्या दिरासमोर थोरलीच्या मनातलं बोलायचं नसतं. निदान आपल्या घरात नसतं. 

या वर्षी तुम्ही ऐकलंत. दादांना दिवाळीनंतर खात्याच्या कामासाठी चंद्रपूरला जायचं होतं, बरेच दिवसांसाठी. मी म्हटलं, आता त्यांनी आपल्याला न सांगता बांधला तसा आपण त्यांना न सांगता खाली करू. ते आले की चादर टाकून ठेवू आणि ओढून दाखवू. तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "अन् तेच म्हणतीन, अरे, हा खाली कसा गेला?" मग गंभीर होऊन म्हणालात, "कडप्पा तोच ठेवजो पण. नवा नाही आणाचा." मी हो म्हटलं. मी महाल भागात जाऊन गवंड्याशी बोलूनही आले.

आणि मग तुमचे डोळे पिवळे झाले. कावीळ. ऊन लागलं असेल, पाणी बाधलं असेल, म्हणता म्हणता तुम्ही खाटेवर पडलात. कोणी झाडपाला सांगितला, कोणी पथ्य. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. त्यांच्या हातातही काही नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मी तुमच्याजवळ बसायची, हात दाबायची, मोसंबीचा रस चमच्यानं घालायची, तो ओठांतून परत यायचा. दादा खाटेच्या पायथ्याशी उभे असायचे. नुसते उभे. एवढा उंच माणूस, आणि कुठं उभं राहावं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा तुम्ही डोळे उघडून मला म्हणालात, "घरी आली की करून टाकू वं, सुमन." दादांनी विचारलं, "काय कराचं आहे?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी म्हटलं, "काही नाही, बायकांचं काम."

ओट्याला दोष द्यावा, तर तीही सोय तुम्ही ठेवली नाही. ओट्यानं तुम्हाला नेलं नाही. कशानं नेलं ते मला समजत नाही. मी काहीच करू शकले नाही, बाई. ना रस पाजू शकले, ना ओटा खाली करू शकले. रोज सकाळी शेगडी पेटवते तेव्हा दोन्ही एकदम आठवतं.

आता हे शेवटचं, आणि हेच सांगायला बसले होते.

पाहुणे गेले. लेक कामठीला गेली. परवा सकाळी आमचे हे कामावर गेले होते, मी ओट्यापाशी उभी होते आणि दारात दादा खाकरले. माझा पाय आपोआप हलला. मी पाटावर उभी नसते, मला पाट लागत नाही, तरी माझा अंगठा ओट्याखाली पाट शोधायला गेला. पाट तिथंच होता, खाली, जागेवर. दादा जरा थांबले आणि आत आले. म्हणाले, "मले चहा शिकव वं."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी पातेलं दिलं, साखर दाखवली, पत्ती दाखवली. ते ओट्यापाशी उभे राहिले. आणि मी पाहतच राहिले. ओटा त्यांच्या कमरेला अगदी बरोबर आला. कोपरं अंगाशी, खांदे सैल, पाठ सरळ. कुठं ताण नाही. तुम्ही हे पाहायला पाहिजे होतं. तुमच्यासाठी बांधलेल्या ओट्यावर इतक्या वर्षांत माझ्याखेरीज एकच माणूस नीट उभा राहिला, आणि त्याला पाणी किती उकळू द्यायचं हेही माहीत नव्हतं.

चहा उतू गेला. दादा घाईनं शेगडी बंद करायला पुढं झाले, तो पाय पाटाला लागला. त्यांनी वाकून खाली पाहिलं.  मी म्हटलं, "जुना आहे, दादा. बाहेर ठेवून देते मी."

"ठेव तिथंच," ते म्हणाले. "तिचा आहे."

मी उतू गेलेलं पातेलं खाली उतरवलं. 

ते फडक्यानं ओटा पुसत होते. एकच जागा, पुन्हा पुन्हा. "आवाज येते नं वं बाहेर," ते म्हणाले. "पाट सरकल्याचा. पहिल्याच वर्षी समजलं होतं मले." मग फडकं पिळत, "तिनं सांगितलं असतं तं त्याच दिवशी तोडला असता. गवंड्याले घेऊन आलो होतो नं मी. दारात उभं राहून इचारलं होतं. ती म्हणे, काही नाही. म्हटलं, लपवते आहे तं लपवू द्यावं. तिले वाईट वाटन, मले कळलं म्हणून."

"मंग खाकरत काहून होते तुम्ही?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं.

"उतराले वेळ पाहिजे नं तिले," दादा म्हणाले. "घाईत पडली होती नं एकदा. त्या दिवशी मी लवकर आलो होतो."

बाई, तुम्ही त्यांच्यासाठी उतरत राहिलात आणि ते तुमच्यासाठी थांबत राहिले. मी मधे उभी होते, उंच, दोन्हीकडचं पाहत, आणि मला काहीच दिसलं नाही. मला वाटायचं ते माझ्या पदरासाठी खाकरतात. आता मी कोणावर चिडू? तुमच्यावर चिडले तर ते समोर येतात, त्यांच्यावर चिडले तर तुम्ही. एका गवंड्याचं एका दिवसाचं काम होतं, ते इतकी वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांच्या मायेपायी होऊ दिलं नाही. मला रडावं की डोकं आपटावं समजत नाही. मी दोन्ही करत नाही. पोळ्या करते.

महालातला गवंडी काल येऊन विचारून गेला, ओट्याचं काम कधी धरू. मी म्हटलं, आता नाही.

दादा आता रोज सकाळी स्वतःचा चहा स्वतः करतात. अजून जमत नाही, कधी गोड होतो, कधी पाणी. दारात येतात, खाकरतात. आत मी एकटी असते, त्यांना माहीत आहे. तरी लगेच आत येत नाहीत. पाट सरकायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते दाराबाहेर उभे राहतात. मग येतात.